ताऱ्यांची वर्णमाला आणि पुण्याची वेधशाळा

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने आपल्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह नाव ठेवण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचे यादीतले नाव एचडी ८६०८१. आपण त्याचे नाव ठेवले ‘बिभा’ आणि ग्रहाचे ‘संतमस’. पहिले नाव सुरतेच्या अभियांत्रिकी संस्थेतल्या एका विद्यार्थ्याने सुचवलेले, दुसरे पुण्याच्या एका शाळकरी मुलाने. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला या योगायोगाची गंमत वाटणे साहजिक आहे. आमचा हा मुलूख या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी पडतो; इथली मराठी एका अंगाने गुजरातीत मिसळते आणि पुण्याची मराठी क्रमिक पुस्तकांतून आमच्यापर्यंत पोहोचते.

भाषेच्या शिक्षकाला दोन्ही नावे थांबवून ठेवतात. ‘बिभा’ म्हणजे आपली ‘विभा’, बंगाली उच्चारातली. प्रकाशकिरण असा अर्थ तर आहेच, पण नाव आहे बिभा चौधुरी (१९१३–१९९१) या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीचे. विश्वकिरणांचा माग त्यांनी डी. एम. बोस यांच्यासह छायाचित्रणाच्या काचांवर काढला. अधिक संवेदनशील काचा हाती न आल्याने ते काम अर्धवट राहिले आणि त्याच वाटेने पुढे गेलेल्या सेसिल पॉवेल यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-संशोधक. ‘संतमस’ हा शब्द मात्र आपण संस्कृतच्या तासाबाहेर फारसा ऐकत नाही. अमरकोशात अंधाराचेही वर्गीकरण आहे: गाढ अंधार तो अंधतमस, विरळ तो अवतमस आणि सर्वत्र पसरलेला तो संतमस. ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्ग पाडण्याच्या कितीतरी शतके आधी कोशकाराने काळोखाच्या प्रती लावून ठेवल्या होत्या, ही गोष्ट त्या शाळकरी मुलाला ठाऊक असो वा नसो, शब्द मात्र त्याने अचूक उचलला.

परंतु या लेखाचा विषय नवी नावे नाहीत. जुने नाव आहे. एचडी ८६०८१ या रुक्ष क्रमांकातली पहिली दोन अक्षरे हेन्री ड्रेपर या माणसाची आहेत, आणि त्यांच्यामागे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या वर्गीकरणाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे एक पान पुण्यात लिहिले गेले. ते आपण विसरलो, आणि त्याच्या जागी विजयदुर्गाची एक चुकीची तारीख पाठ करून बसलो. मीही त्यातलाच. काही वर्षांपूर्वी विज्ञानदिनाच्या एका भाषणात ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ असे मी छातीठोकपणे सांगितले होते आणि टाळ्याही घेतल्या होत्या. हा लेख काही अंशी त्या टाळ्यांची परतफेड आहे.

आधी वर्णपट म्हणजे काय ते थोडक्यात. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की सप्तरंगी पट्टा पडतो, हे न्यूटनपासून ठाऊक होते. १८१४ मध्ये फ्राउनहोफर या जर्मन काचकारागिराने त्या पट्ट्यात शेकडो काळ्या रेघा पाहिल्या आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. १८५९–६० च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात. रेघ ओळखली की द्रव्य ओळखले. ताऱ्यांची घटकद्रव्ये माणसाला कधीच कळणार नाहीत, असे ऑग्यूस्त कोंत यांनी १८३५ मध्ये निक्षून लिहिले होते. तत्त्वज्ञांची भाकिते इतक्या लवकर क्वचितच मोडतात. रोमचे जेझुइट धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी १८६० च्या दशकात हजारो तारे पाहून त्यांचे चार-पाच गट केले. पांढरे, पिवळे, तांबडे असे ते ढोबळ गट होते, पण वाट त्यांनी दाखवली.

येथे एक शब्द आपल्याला अडवतो. मराठीत ‘वर्ण’ म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर आणि वर्ण म्हणजे समाजातली पायरीही. ताऱ्यांच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ एका ठिकाणी आले: रंगावरून अक्षर ठरले आणि अक्षरावरून पायरी. फरक इतकाच, की इथली पायरी जन्माने ठरवलेली नव्हती. ती मोजून ठरली, आणि मोजणी चुकली तेव्हा बदलली.

हेन्री ड्रेपर हा न्यूयॉर्कचा वैद्य आणि हौशी खगोलनिरीक्षक. १८७२ मध्ये त्याने अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचे रेघांसह छायाचित्र घेतले. १८८२ मध्ये तो अकाली गेला आणि त्याच्या पत्नीने, मेरी अ‍ॅना ड्रेपर यांनी, त्याच्या स्मरणार्थ हार्वर्ड वेधशाळेला पैसा पुरवला. संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी त्या पैशातून काचांवर वर्णपट टिपण्याचा आणि ते लावण्याचा उद्योग आरंभला. काम करायला घेतल्या स्त्रिया, कारण त्या तासाला पंचवीस-पन्नास सेंटांत मिळत. विल्यमिना फ्लेमिंग या तर पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून आलेल्या. त्यांच्या वर्गीकरणावर उभी राहिलेली १८९० ची सूची दहा हजारांहून अधिक ताऱ्यांची होती. हायड्रोजनच्या रेघा सर्वांत ठळक तो वर्ग ‘ए’, त्याहून फिकट तो ‘बी’, आणि असेच पुढे. शुद्ध वर्णानुक्रम. लायब्ररीत पुस्तके लावावीत तसा. त्यामागे कोणताही सिद्धान्त नव्हता.

मग अ‍ॅनी जंप कॅनन आल्या. त्यांनी काही अक्षरे गाळली, काहींच्या जागा बदलल्या. १९०१ पर्यंत क्रम झाला होता: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. आजही तोच आहे. ‘ओ’ पहिला का आणि ‘सी’, ‘डी’ कुठे गेले, या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर नाही, ऐतिहासिक उत्तर आहे: रेघा एकातून दुसऱ्यात अखंड सरकत जाव्यात अशी मांडणी करताना अक्षरे विस्कटली आणि ती पुन्हा सरळ करण्याच्या फंदात कोणी पडले नाही. (हा क्रम पाठ करण्यासाठी इंग्रजी वर्गांतून एक प्रेमळ, किंचित चावट वाक्य शिकवले जाई. स्त्रियांनी लावलेला क्रम पोरीला चुंबन मागणाऱ्या वाक्याने पाठ व्हावा, यातला उपरोध बराच काळ कोणाच्या ध्यानात आला नसावा.) १९१८ ते १९२४ या काळात हेन्री ड्रेपर सूचीचे नऊ खंड निघाले. त्यात सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांना कॅनन यांनी अक्षरे दिली. त्यांना ऐकू फार कमी येत असे. हात बसल्यावर मिनिटाला तीन तारे त्या लावीत, असे सांगतात.

हे सारे करताना त्या क्रमाचा अर्थ काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मला या इतिहासात सर्वांत लक्षणीय वाटते ते हेच. आपण साहित्याच्या इतिहासात आधी सिद्धान्त मांडतो आणि मग कृती त्या कप्प्यांत बसवतो. नव्वदोत्तरी म्हटले की कवी गोळा करायला निघतो. हार्वर्डमध्ये उलटे झाले. वर्ग आधी लागले, अर्थ वीस वर्षांनी कळला.

इंग्लंडमध्ये मात्र एका माणसाजवळ अर्थ आधीपासून तयार होता. तो म्हणजे नॉर्मन लॉकियर. ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक, युद्धखात्यातला जुना कारकून, आणि वादाशिवाय ज्याचा दिवस जात नसावा असा निरीक्षक. विश्वातले सारे काही उल्कांच्या थव्यांतून झाले, असे त्याचे मत. तेजोमेघ म्हणजे विरळ थवा. उल्का एकमेकींवर आदळतात, थवा आटत जातो, तापतो, तारा होतो. कळसाला पोहोचतो आणि मग निवत जातो. म्हणून त्याच्या वर्गीकरणात दोन बाजू होत्या: एक चढत्या तापमानाची, एक उतरत्या. ताऱ्याला नुसता वर्ग नव्हता, चरित्र होते. लेखकाला भुरळ पाडील अशीच ही कल्पना आहे.

या इमारतीच्या पायाशी एक हिरवट रेघ होती. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात ती सर्वांत ठळक दिसे, आणि ती कोणत्याही ज्ञात द्रव्याची नव्हती. लॉकियरचे म्हणणे असे, की ती मॅग्नेशियमच्या एका पट्टीचा उरलेला कडा आहे. उल्का तापल्या की मॅग्नेशियम असे चमकते. ते खरे असेल तर रेघ एका अंगाला धारदार आणि दुसऱ्या अंगाला विरत गेलेली दिसायला हवी. ज्येष्ठ निरीक्षक विल्यम हगिन्स यांना ते मुळीच मान्य नव्हते. वाद पेटला. असा वाद मिटायचा तर चांगली दुर्बीण, अधिक फाकवणारा वर्णपटदर्शक आणि स्वच्छ आकाश हवे.

ते तिन्ही तेव्हा पुण्यात होते.

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८२ पासून भौतिकशास्त्र शिकवीत. एल्फिन्स्टनचे एम.ए. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या देणगीला सरकारची जोड मिळाली, नायगमवाला इंग्लंडला जाऊन खुद्द लॉकियर यांचा सल्ला घेऊन आले, आणि १८८८ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या वेधशाळा देशात होत्या. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करण्यासाठी मुद्दाम बांधलेली ही पहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेल्या तिच्या उपकरणांत पुढे वीस इंची आरशाची दुर्बीण होती. देशातली सर्वांत मोठी म्हणून ती कित्येक दशके राहिली.

नायगमवाला यांनी तेजोमेघाची ती रेघ पाहिली आणि १८९१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांतात आपले निरीक्षण छापले. प्रकाश कितीही फाकवला तरी रेघ दोन्ही अंगांनी धारदारच राहत होती. विरत जाणारा कडा नव्हताच. ज्याच्या सल्ल्याने वेधशाळा उभारली, त्याच्याच सिद्धान्ताच्या पायाखालचा दगड निघाला. एका निरीक्षणाने लॉकियरचा वाद संपला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कॅलिफोर्नियात लिक वेधशाळेवर जेम्स कीलर यांनी त्या रेघेची जागा मोजून तेच सांगितले होते. पण पुण्याचा साक्षीदार स्वतंत्र होता, आणि ‘गुरूच्या’ बाजूने बोलण्याची त्याला पुरेपूर सोय असताना तो बोलला नाही. (त्या रेघेचे मूळ १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला प्राणवायू, पृथ्वीवर साधता येणार नाही इतक्या विरळ अवस्थेत.)

याच काळात याच पुण्यात आणखी एक विद्वान मृग नक्षत्राकडे पाहत होता. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आला. वसंतसंपात मृगात होता तो काळ कोणता, यावरून त्यांनी वेदांचे वय काढले. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठीतला अजोड ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही पुण्यात. तीन माणसे, एक गाव, अर्ध्या दशकाचा अवकाश. आमच्या पिढीने मराठीच्या अभ्यासक्रमात टिळकांचा ग्रंथ चर्चेसाठी वाचला, दीक्षितांचे नाव संदर्भसूचीत पाहिले; नायगमवाला यांचे नावही ऐकले नाही. ते इंग्रजीत लिहीत हे एक कारण; पण ‘ओरायन’ही इंग्रजीतच आहे. मला वाटते, खरे कारण असे की टिळकांच्या मृगात आपण होतो आणि नायगमवाला यांच्या मृगात एक रेघ होती. आपला भूतकाळ सांगणारे आकाश आपल्याला जवळचे वाटले. नुसते आकाश सांगणारे आकाश परके राहिले. तलासरीच्या पाड्यावरच्या शेतकऱ्याला मृग म्हणजे जूनचा पहिला पाऊस. थंडीच्या रात्री डोक्यावर येणारे मृगाचे तारे त्याला दिसतात, पण त्याचा मृग तो नव्हे. प्रत्येकाचा मृग वेगळा असतो, हे मान्य. तरी पुण्याच्या मृगांची संख्या दोनवर थांबवायचे कारण नव्हते.

आता विजयदुर्ग.

कोकणातल्या या किल्ल्यावर काही ओटे आहेत. ‘साहेबाचे ओटे’ असे लोक त्यांना म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने इथून हेलियमचा शोध लावला, असे वर्तमानपत्रांतून, पर्यटनाच्या पत्रकांतून आणि पाठांतराच्या स्पर्धांतून सांगितले जाते. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. कथेत सारे काही आहे: किल्ला, साहेब, ग्रहण आणि जगाला न सापडलेले मूलद्रव्य. फक्त लॉकियर नाही. तो त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता.

१८६८ चे ते ग्रहण भारतातून दिसले आणि त्यासाठी मोठमोठी पथके आली हे खरे. फ्रान्सचे ज्यूल जान्सन गुंटूरला होते. लेफ्टनंट जॉन हर्शल हे प्रसिद्ध हर्शल घराण्यातले तिसऱ्या पिढीचे. ते जमखंडीला होते. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. मराठी मुलखाचा त्या दिवसाशी खरा संबंध शोधायचाच असेल तर तो इथे आहे. या निरीक्षकांना सूर्याच्या ज्वाळांत काळ्या नव्हे तर तेजस्वी रेघा दिसल्या. म्हणजे ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. जान्सन यांनी दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही त्या रेघा पाहून दाखवल्या. लॉकियर यांनी तेच २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, नव्या वर्णपटदर्शकाने स्वतंत्रपणे साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. त्या रेघांतली एक पिवळी रेघ सोडियमच्या जोडीपासून किंचित बाजूला होती. ती नव्या द्रव्याची असावी असा तर्क लॉकियर यांनी लढवला, ‘हेलियम’ हे नाव आले, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी एका खनिजातून तो वायू प्रत्यक्ष काढला.

मुळात ऑगस्टच्या मध्यावर कोकण किनाऱ्यावर सूर्य पाहायला दुर्बीण घेऊन कोण येईल? सह्याद्रीच्या पश्चिमेला राहणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडायला हवा होता. डहाणूत त्या दिवसांत चिकूच्या बागेतही पाणी तुंबलेले असते. मला तो प्रश्न भाषण देताना पडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

लॉकियर विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. जानेवारी, निरभ्र आकाश, आणि मदतीला ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी. ओटे खरे आहेत, साहेब खरा आहे, ग्रहणही खरे आहे. तारीख तेवढी लोकस्मृतीने मागे ओढून शोधाला नेऊन भिडवली. लोककथा असेच करतात आणि त्याबद्दल लोकांना दोष देण्यात अर्थ नाही; पण छापणाऱ्यांना आहे. दुर्दैव असे की या ओढाताणीत विजयदुर्गाचे खरे महत्त्व हरवले. लॉकियर तिथे लोलक लावलेले कॅमेरे घेऊन आले होते. चंद्र सूर्यबिंब पुरते झाकतो त्या क्षणी सूर्याच्या वातावरणाचा पातळ थर काही सेकंद उजळतो. त्याच्या रेघा टिपून ताऱ्यांच्या रेघांशी ताडून पाहायच्या होत्या. प्रयोगशाळेत विजेच्या ठिणगीत काही रेघा अधिक ठळक होतात, त्या सूर्याच्या या थरात दिसतात आणि काही ताऱ्यांतही; म्हणजे त्या तापमानाच्या खुणा आहेत, असे त्यांचे म्हणणे. उल्कांच्या बाबतीत चुकलेला हा माणूस इथे बरोबर होता. विजयदुर्गाचे ओटे शोधाच्या इतिहासात नव्हे, वर्गीकरणाच्या इतिहासात बसतात.

त्याच दिवशी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊर येथे होते. लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचेही पथक तिथेच उतरले होते. ते दिवस आठवावेत: प्लेग, रँडचा खून होऊन सात महिने झालेले, ‘ओरायन’चा कर्ता तुरुंगात. अशा वेळी पुण्याचा एक पारशी प्राध्यापक माळरानावर सूर्याच्या कडेची दोनेक मिनिटे टिपण्याच्या तयारीत गुंतला होता. त्याचा अहवाल १९०२ मध्ये निघाला. त्याला देशस्थितीपासून अलिप्त म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. मला तसे करवत नाही.

हार्वर्डच्या अक्षरांना अर्थ मिळाला तो १९२० मध्ये, मेघनाद साहा यांच्याकडून. ताऱ्याच्या वातावरणात तापमान आणि दाब किती आहे त्यावर अणू किती प्रमाणात इलेक्ट्रॉन गमावतात हे ठरते, आणि त्यावर कोणत्या रेघा दिसतील हे. म्हणजे ओ ते एम हा क्रम द्रव्यांचा नव्हता, उष्णतेचा होता: ‘ओ’ तीस हजार अंशांच्या वर, सूर्याचा ‘जी’ पावणेसहा हजारांच्या आसपास, ‘एम’ चार हजारांच्या खाली. साहा यांनी हा निबंध पक्का केला तो लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत. आणि फाउलर हे लॉकियर यांचे सहायक राहिलेले. लॉकियर यांच्या ठिणगीतल्या ‘ठळक रेघा’ म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्याच रेघा होत्या. ते स्वतः १९२० च्या ऑगस्टमध्ये वारले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी हार्वर्डच्या काचांना साहांचे समीकरण लावले आणि तारे मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे आहेत, असे उत्तर काढले. ज्येष्ठांच्या दडपणाने त्यांना आपल्याच प्रबंधात ‘हे बहुधा खरे नसावे’ असे लिहावे लागले. चार वर्षांनी दडपण आणणाऱ्या हेन्री रसेल यांनीच ते मान्य केले.

जुन्या सिद्धान्ताचा एक अवशेष भाषेत मात्र उरला. तारे तप्त जन्मतात आणि निवत जातात, या समजुतीतून तप्त वर्गांना ‘आधीचे’ आणि थंड वर्गांना ‘नंतरचे’ म्हणत. समजूत गेली, शब्द राहिले. खगोलशास्त्रज्ञ आजही तसेच बोलतात. शब्दाचा अर्थ मेला तरी शब्द जिवंत राहतो, हे व्युत्पत्तीच्या तासाला सांगायला याहून बरे उदाहरण मला सापडलेले नाही.

आता बिभाकडे परत येऊ. परताऱ्याभोवतीचा ग्रह बहुधा दिसत नाही. तो ताऱ्याला किंचित हेलकावतो आणि ताऱ्याच्या रेघा वर्णपटात पुढेमागे सरकतात. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याचा पहिला ग्रह असाच सापडला, आणि बिभाचा ग्रह २००६ मध्ये. तो गुरूच्या दीडपट जड आहे, सव्वादोन दिवसांच्या आत एक फेरी पूर्ण करतो आणि आपल्या ताऱ्याला सेकंदाला सुमारे दोनशे मीटर वेगाने हलवतो. हे सरकणे मोजायचे तर रेघा पुष्कळ हव्यात आणि बारीक हव्यात. ओ, बी, ए वर्गाच्या तप्त ताऱ्यांत रेघा थोड्या असतात, आणि ते वेगाने गरगरत असल्याने त्या फासटलेल्या असतात. एफच्या उत्तरार्धापासून जी, के या वर्गांत रेघांचे रान माजते. म्हणून ग्रह शोधणारा माणूस दुर्बीण वळवण्याआधी ताऱ्याचे अक्षर पाहतो. बिभाचा वर्ग एफ८: सूर्याहून थोडा तप्त, रेघा मोजण्याजोगा. एम वर्गाचे लहान, मंद तारे आता विशेष मोलाचे ठरले आहेत; त्यांच्याभोवतीचा पृथ्वीएवढा ग्रहही जाणवतो, आणि पाणी द्रवरूपात राहील असे अंतर ताऱ्याच्या अगदी लगत येते. २०१६ मध्ये आपल्या सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्याभोवती ग्रह सापडला, २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ भोवती सात असल्याचे जाहीर झाले. दोन्ही तारे एम वर्गाचे. फ्लेमिंग आणि कॅनन यांना ज्याची कल्पनाही नव्हती, त्या शोधाची पहिली चाळणी त्यांची अक्षरे आहेत.

पुण्यात ही परंपरा अगदीच तुटली असेही नाही. १९९४ मध्ये आयुकातील गुलाटी आणि गुप्ता यांनी गोठोसकर, खोब्रागडे यांच्यासह ताऱ्यांचे वर्णपट संगणकाकडून लावून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात मेंदूतल्या जाळ्याच्या धर्तीवरची आज्ञावली होती. यंत्राला आधी शिकवावे लागते, आणि शिकवण्यासाठी माणसाने लावलेले वर्ग समोर ठेवावे लागतात. तेव्हा त्या संगणकाची तालीम कॅनन यांच्याच क्रमावर झाली. गणेशखिंडीतले आयुका आणि शिवाजीनगरचे ते जुने आवार यांत अंतर फार नाही.

वेधशाळा मात्र राहिली नाही. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि ती बंद करण्यात आली. चालवायला दुसरा माणूस तयार केलेला नव्हता. उपकरणे कोडाईकनालला पाठवली गेली. तिथे ती वीस इंची दुर्बीण देणगीदाराच्या संस्थानाच्या नावाने ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाते, जशी कॅनन यांची सूची एका विधवेने दिलेल्या पैशामुळे तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखली जाते.